किडनीला सूज आलीये म्हणजे नक्की काय झालंय?

मागच्या महिन्यात मावशीचा सोनोग्राफी रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर आला, उजव्या किडनीत माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस, म्हणजे किडनीला थोडी सूज, आणि दहा मिनिटांत सगळे डायलिसिसवर जाऊन पोचले. दुखत होतं तिला उजव्या बाजूला ओटीपोटात, किडनी तर पार वर बरगड्यांखाली, मग दुखणं तिथे कसं हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नाही.

आधी त्या सूज शब्दाचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. पाय मुरगळला की येते तशी सूज ही नाही. किडनीत तयार झालेली लघवी खाली उतरत नाही म्हणून आत तुंबते आणि किडनीची आतली पोकळी फुगते, बस एवढंच. मुंबईत हिंदमाता चौकात पावसाचं पाणी भरतं तेव्हा काय हिंदमाताची चूक असते का? जागा खोलगट, पुढे नाला भरलेला, त्यात समुद्राला भरती, मग पाणी जाणार कुठे. म्हणून रिपोर्टमध्ये माइल्ड वाचलं की किडनी किती बिघडली हे नंतर विचारा, आधी विचारा की अडकलंय कुठे.

किडनीपासून मूत्राशयापर्यंत जी नळी येते, युरेटर, ती साधारण २५ ते ३० सेंमी लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिमी रुंद. त्यात तीन जागा अजून चिंचोळ्या, एक किडनीतून नळी निघते तिथे, दुसरी कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून ती जाते तिथे आणि तिसरी मूत्राशयात शिरताना, ही सगळ्यात अरुंद. बारीक मुतखडा बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या जागी अडतो. आणि गंमत अशी की खडा जसा खाली सरकतो तसं दुखणंही सरकतं, आधी पाठीत-कुशीत, मग ओटीपोटात, मग जांघेत, कारण नळीच्या आणि या भागांच्या नसा मणक्यात एकाच पट्ट्यात येऊन मिळतात आणि मेंदूला नेमका पत्ता कळत नाही. खडा अगदी मूत्राशयाच्या दाराशी आला की सारखी लघवीला लागल्यासारखं होतं, थोडीशीच होते, आणि माणूस इन्फेक्शन समजून मेडिकलमधून गोळ्या आणतो. मावशीने तेच केलेलं.

पण दरवेळी खडाच असतो असं नाही हं. प्रेग्नन्सीत नळीवर गर्भाशयाचा दाब येतो आणि हॉर्मोन्समुळे ती सैल पडते, त्यात उजवी किडनी जास्त फुगते आणि बहुतेक वेळा डिलिव्हरीनंतर आपोआप उतरते. साठीच्या पुढच्या पुरुषांत प्रोस्टेट वाढून मूत्राशय नीट रिकामं होत नाही. गर्भाशयातली मोठी गाठ (फायब्रॉइड) किंवा अंडाशयाची गाठ बाहेरून नळी दाबू शकते. काहींची नळी जन्मतःच वरच्या टोकाला अरुंद असते आणि तिशीपर्यंत पत्ताच नसतो. आणि उजवीकडे दुखतंय म्हटलं की डॉक्टर अपेंडिक्सही बघणारच.

एक कारण तर आजारच नाही! पोटाच्या सोनोग्राफीला पाणी पिऊन लघवी रोखून या सांगतात, नंबर येईपर्यंत दीड-दोन तास जातात, मूत्राशय तट्ट भरलं की वरची लघवी उतरायला जागा नाही, म्हणजे वर सांगितलेली भरतीच, आणि रिपोर्टमध्ये दोन्ही किडन्या किंचित फुगलेल्या दिसतात. म्हणून लघवी करून आल्यावर परत एकदा बघतात, आणि नाही बघितलं तर आपण सांगायचं, त्यात लाजायचं काय. मावशीची उजवी बाजू मात्र नंतरही तशीच होती, मग सीटी स्कॅनमध्ये ४ मिमीचा खडा मिळाला, मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी.

५ मिमीच्या आतले खडे बरेचदा काही दिवसांत, फार तर चार-सहा आठवड्यांत स्वतःच पडतात. कळ येत असताना मात्र बाटलीवर बाटली पाणी ढोसू नका, वाट बंद असताना वरून दाब वाढवून दुखणंच वाढेल. बिअरचा सल्ला देणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांना नमस्कार करून पुढे जा. थंडी वाजून ताप, लघवी बंद, उलट्या थांबत नाहीत, किंवा मुळात एकच किडनी आहे, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा, कारण तुंबलेल्या लघवीत इन्फेक्शन झालं की ते काही तासांत रक्तात पसरू शकतं. आणि दुखायचं थांबलं म्हणून फॉलोअपची सोनोग्राफी टाळू नका, कळ थांबते पण खडा तिथेच बसून किडनी गुपचूप फुगत राहते असंही होतं.

मावशीचा खडा अकराव्या दिवशी पडला. डॉक्टरांनी लघवी गाळून बघायला सांगितलेलं, म्हणून तिने जुनी चहाची गाळणी घेतली होती, आणि खडा कशाचा बनलाय ते लॅबमध्ये तपासायला द्यायचा तर ती डबीत घालून आधी सगळ्या मजल्यांवर दाखवून आली. गाळणी टाकलीये असं म्हणते, पण तिच्याकडे चहा प्यायचं आम्ही अजून टाळतोय.