मालमत्ता कर आकारणीविरुद्ध तक्रार व अपील

महानगरपालिका, नगरपरिषद वा ग्रामपंचायत यांनी घरपट्टीसाठी धरलेले मूल्य मान्य नसल्यास मालकाने वा भोगवटादाराने मागावयाची कायदेशीर दाद. वाद बहुधा कराच्या दराचा नसतो, मूल्याचा असतो.

‘घरपट्टी’ हा शब्द पेशवेकालीन कागदपत्रांतही आढळतो. मात्र आजची आकारणी त्या पट्टीतून उतरलेली दिसत नाही. मुंबई, कलकत्ता व मद्रास या तिन्ही इलाखा शहरांत (कंपनीच्या प्रांतांच्या मुख्य शहरांत) घरांवर कर बसविण्याचा अधिकार 1793 च्या सनदी कायद्याने जस्टिस ऑफ द पीस या सरकारनियुक्त दंडाधिकाऱ्यांना मिळाला. वार्षिक भाडेमूल्याची कल्पना काही अभ्यासक इंग्लंडच्या 1601 च्या दरिद्री-साहाय्य कायद्यापर्यंत मागे नेतात. त्या कायद्यात मूल्य काढण्याची रीत नाही. ती 1836 च्या पॅरिश आकारणी कायद्याने घालून दिली, तेव्हा उगम तेथेच धरणे अधिक सयुक्तिक. घर दरसाल भाड्याने दिल्यास रास्तपणे किती भाडे येईल, ही त्यातील कसोटी मुंबईच्या 1888 च्या महानगरपालिका अधिनियमात (कलम 154) आली. दरमहा 10,000 रुपये भाडे धरले, तर वर्षाचे 1,20,000. त्यातून दुरुस्तीपोटी 10% वजा जाता करयोग्य मूल्य 1,08,000 रुपये. ‘रास्त’ भाडे कोणते, यावर मात्र न्यायालयांत दीर्घकाळ खल झाला. भाडेनियंत्रण असलेल्या जागेचे मूल्य प्रमाण भाड्यापेक्षा (भाडेनियंत्रण कायद्यानुसार आकारता येणाऱ्या कमाल भाड्यापेक्षा) अधिक धरता येत नाही, मग ते भाडे ठरवून घेतलेले असो वा नसो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1979 मध्ये दिवाण दौलतराय कपूर खटल्यात म्हटले.

आयुक्तांकडे तक्रार ही पहिली पायरी. सुनावणीला तक्रारदार भाडेकरार, मंजूर नकाशा, वीजबिल घेऊन येतो आणि बऱ्याचदा वाद क्षेत्रफळाच्या मोजणीवरच मिटतो. तक्रार न करता थेट अपील चालत नाही. मुंबईत अपील लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे (1888 च्या अधिनियमाचे कलम 217), पुण्यात तेथील लघुवाद न्यायालयाकडे, तर इतर महानगरपालिकांत दिवाणी न्यायाधीश (वरिष्ठ स्तर) यांच्याकडे जाते. मुंबईबाहेरील महानगरपालिकांना लागू असलेल्या 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 नुसार मुदत 15 दिवसांची आहे आणि मागणीची रक्कम आधी भरावी लागते. ही अट जाचक असल्याची तक्रार जुनीच. परंतु अपिलाचा हक्क कायद्यानेच दिलेला असल्याने त्याला अटी घालता येतात, असे अनंत मिल्स खटल्यात (1975) ठरले.

मुंबईत 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्य पद्धत, म्हणजे भाड्याऐवजी मालमत्तेच्या बाजारमूल्यावर आधारित आकारणी, लागू झाली. तिच्या नियमांपैकी 20, 21 व 22 मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

नगरपरिषदांत दर चार वर्षांनी आकारणी यादी सुधारतात (चतुर्थ वार्षिक आकारणी). हरकतींचा पूर तेव्हाच येतो. ग्रामपंचायतीची आकारणी नमुना 8 या आकारणी नोंदवहीत नोंदलेली असते. तिच्याविरुद्ध अपील पंचायत समितीकडे करतात.