लहान जीवांवरील बालगीते

लहान जीवांवरील बालगीते : मुंगी, माशी, कोळी, झुरळ, बेडूक, उंदीर अशा इवल्याशा प्राण्यांना नायक करून मुलांसाठी रचलेली किंवा परंपरेने मुलांच्या तोंडी रुळलेली विनोदी गाणी. बडबडगीत आणि अभिनयगीत या दोन्ही प्रकारांत ती विपुल आढळतात.

या गाण्यांतली गंमत बहुतांशी प्रमाणभंगातून निर्माण होते. जीव जितका चिमुकला, तितका त्याचा थाट मोठा. मराठीत मुंगीताई, बेडूकराव, उंदीरमामा अशी नाती आणि मानाची संबोधने जोडली, की निम्मे काम तिथेच होते. बेडूक आणि उंदरीण यांच्या लग्नाचे स्कॉटलंड-इंग्लंडमधील जुने गाणे, ज्याचा उल्लेख १५४९ च्या एका स्कॉटिश ग्रंथात सापडतो, याचा उत्तम नमुना आहे : बेडूक कमरेला तलवार लावून मोठ्या ऐटीत मागणी घालायला निघतो. त्याच्या अनेक पाठांत शेवटी बदक नवरदेवाला गिळून टाकते आणि मुले बिनदिक्कत हसतात, कारण गाण्यातला बेडूक पुढच्या वेळी पुन्हा तलवार लावून निघणार, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

मुलाला असे उलटेपालटे का आवडते, याचा सर्वांत मर्मग्राही विचार रशियन कवी कॉर्नेय चुकोव्हस्की (१८८२–१९६९) यांनी ‘दोन ते पाच’ या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात केला आहे. त्यांची तेवीस महिन्यांची मुलगी एकदा खट्याळ चेहऱ्याने येऊन म्हणाली, की कुत्रा ‘म्याँव’ करतो. कुत्रा भुंकतो हे तिला पुरते कळले होते, म्हणूनच तिला ते मोडण्याचा खेळ सुचला. अशी गाणी मुलाला गोंधळात टाकतात, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. चुकोव्हस्कींच्याच १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कवितेत मिशाळ झुरळाला हत्ती-सिंहही घाबरतात आणि अखेर एक चिमणा त्याला सहज टिपतो.

शब्दांइतकाच वाटा नादाचा आणि हातांचा असतो. भुणभुण, टुणटुण, डराव डराव हे अनुकरणवाचक शब्द अर्थ कळण्याआधीच हसवतात. पन्हळीतून चढणाऱ्या कोळ्याच्या इंग्रजी गाण्यात एका हाताचा अंगठा दुसऱ्या हाताच्या तर्जनीला टेकवून, आळीपाळीने बोटे बदलत कोळी वर नेतात. पाऊस आला की दहाही बोटे थरथरत खाली येतात. नुकती बोटे वळू लागलेल्या मुलाचा कोळी मध्येच घसरतो, तेव्हा तर हशा अधिकच होतो.

स्पॅनिश भाषेतील एका मोजणीच्या गाण्यात एक हत्ती कोळ्याच्या जाळ्यावर झोके घेतो आणि जाळे तुटत नाही असे पाहून दुसऱ्याला बोलावतो. कडव्यागणिक एक हत्ती वाढत जातो. गाणाऱ्याला जितके आकडे येतात, तितके हत्ती त्या जाळ्यावर मावतात.