फराळाचा उपवास आणि उपाशी पोट

लातूरजवळच्या एका गावात रक्तातील साखर तपासण्याचे शिबिर होते आणि नेमकी त्याच दिवशी एकादशी आली. आदल्या संध्याकाळी सर्वांना ‘उपाशीपोटी या’ असा निरोप दिलेला होता. साठीच्या एका मावशींनी सकाळी हात पुढे केला तेव्हा मी सहज विचारले, काही खाल्ले नाही ना? त्या म्हणाल्या, ‘‘उपासच हाय की आज, एकादस. जराशी साबुदाण्याची उसळ खाल्ली अन् च्या घेतला.’’ त्यांच्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते. ‘उपवास’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी ठेवल्या आहेत, आणि मधुमेह असलेल्या माणसाला त्यांतून होणारे धोके एकमेकांच्या उलट दिशेचे असतात.

पहिली गोष्ट म्हणजे निराहार राहणे, ज्याला जुन्या वैद्यकात लंघन म्हणत. चरकसंहितेत लंघनाचे दहा प्रकार सांगितले असून उपवास हा त्यांपैकी एक आहे. जेवण थांबले की शरीर आधी यकृतात साठवलेली साखर वापरते. हा साठा साधारण दहा-बारा तासांनी बराच उतरतो आणि चोवीस तासांच्या आसपास जवळजवळ संपतो; तो उतरत जाईल तसतसे शरीर अधिकाधिक चरबी जाळू लागते. या काळात रक्तातील इन्सुलिन खाली राहते. उपवासाने वजन उतरते, इन्सुलिनला शरीर चांगला प्रतिसाद देते असे जे ऐकू येते, ते या निराहार काळाविषयीचे असते. तेथेही वजन घटण्याचे मुख्य कारण एकूण खाणे कमी होणे हेच आहे. पेशी स्वतःचे निकामी भाग मोडून पुन्हा वापरतात, या प्रक्रियेवरील संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले, हे खरे. पण त्यांचे मूळ काम यीस्टवरचे होते आणि त्यातून माणसाने अमुक तास उपाशी राहावे असा नियम निघत नाही.

दुसरी गोष्ट फराळाची. येथे पोट रिकामे राहतच नाही, केवळ धान्य बदलते. कोरड्या साबुदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ८७ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, प्रथिने एक ग्रॅमही नसतात आणि चोथा नाममात्र असतो. पाऊण वाटीभर साबुदाण्याची एक ताटली म्हणजे जवळपास दोन ज्वारीच्या भाकरींइतके पिष्ट. फरक एवढाच की भाकरीतील चोथा साखर हळूहळू चढू देतो आणि साबुदाण्यात तो आधार नाही. त्यात बटाटा, वर केळी, दुपारी पुन्हा गोड चहा. दाण्याच्या कुटातून प्रथिने मिळतात खरी, पण तेल त्याहून जास्त पोटात जाते. त्यापेक्षा भगर, दाण्याची आमटी आणि ताक असा फराळ पुष्कळ बरा. मात्र भगर जुनी किंवा ओल लागलेली नसावी आणि तिचे सुटे पीठ शक्यतो घेऊ नये, कारण त्याला बुरशी लवकर धरते आणि बुरशीची विषारी द्रव्ये शिजवल्याने पूर्ण जात नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात एकादशीच्या महाप्रसादातील भगर आणि आमटी खाल्ल्यावर शेकडो लोकांना उलट्या-जुलाब झाले होते, हे आपल्याकडे अजून कोणी विसरलेले नाही.

खरा घोळ गोळ्यांच्या बाबतीत होतो. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस निर्जळी एकादशी, कडक नवरात्र किंवा रमजानचा रोजा धरतो, तेव्हा औषध आपले काम करत राहते आणि खाली अन्न नसते. साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणे अडखळते. अशा वेळी व्रत तेथेच सोडून तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मात्र शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. उलट, ‘आज उपास आहे’ म्हणून गोळी टाळणारा आणि दोन वेळा उसळ खाणारा माणूस साखर वाढवून घेतो. म्हणून डॉक्टरांना ‘उपवास आहे’ एवढेच सांगणे अपुरे आहे. काय खाणार, किती वेळा खाणार आणि पाणी पिणार की नाही, हे सांगितल्याशिवाय त्यांनाही गोळीचा हिशेब लावता येत नाही.

पाण्याचे तर आपल्याकडे विशेष जपावे लागते. ज्येष्ठातली निर्जला एकादशी येते तेव्हा मराठवाड्यात कित्येकदा पाऊस लागलेला नसतो, आणि शेतात राबणाऱ्याच्या अंगातले पाणी दुपारपर्यंत आटून जाते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी निर्जळी धरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मावशींचे रक्त त्या दिवशी घेतले नाही. संध्याकाळचा फराळ सातच्या आत उरकायचा आणि नंतर फक्त पाणी प्यायचे, असे त्यांना सांगितले. द्वादशीला पारणे सोडण्याआधी त्या पुन्हा आल्या, आणि या वेळी खरोखरच उपाशीपोटी.