कंपनीचं नाव सर्चमध्ये पहिलं आलं म्हणजे मार्केटिंग झालं?

छोट्या आयटी सर्व्हिसवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: "आपलं नाव सर्च करा, वेबसाईट पहिली आली की क्लायंट आपोआप येतात."

असं वाटणं साहजिक आहे, रिझल्ट डोळ्यासमोरच असतो. पण नाव टाकून शोधणारा माणूस तुम्हाला आधीपासून ओळखतोच, आणि नाव जरा वेगळं असेल तर त्यावर स्पर्धाच नसते, त्यामुळे पहिलं येणं सोपं. नवीन क्लायंट नाव टाकत नाही, तो अडचण टाईप करतो, म्हणजे "ऑफिसचं वायफाय सारखं तुटतं" किंवा "सर्व्हरचा बॅकअप कोण घेऊन देईल". शिवाय स्वतःच्या लॅपटॉपवर जुन्या सर्चचा आणि लोकेशनचा परिणाम होतो, तुम्हाला दिसतं तेच समोरच्याला दिसेल असं नाही.

तपासायचं असेल तर प्रायव्हेट विंडो उघडा (लोकेशनचा फरक तरी राहतोच) आणि क्लायंट फोनवर जे शब्द वापरतात तेच टाका. खरं चित्र गूगलच्या सर्च कन्सोल या टूलच्या क्वेरी रिपोर्टमध्ये (लोकांनी काय टाईप केल्यावर तुमची वेबसाईट दिसली त्याची यादी) दिसतं, ते फुकट आहे. त्यात तुमचं नाव असलेल्या क्वेरी फिल्टरने बाजूला काढा, उरलेल्यांवर किती क्लिक आलेत ते बघा. आणि चौकशीचा फोन आला की "आमच्याबद्दल कुठून कळलं?" एवढं विचारून लिहून ठेवत जा, बऱ्याचदा उत्तर जुन्या क्लायंटची ओळख हेच निघतं.