कसाव्याचा केवडा रोग व आफ्रिकेतील प्रतिकारक वाण

कसावा (शा. नाव मॅनिहॉट एस्क्युलेंटा, एरंड कुल) या पिकावर आफ्रिकेत पडणारा केवडा (इं. मोझेक) हा विषाणुजन्य रोग आणि त्याला तोंड देण्यासाठी तेथे झालेली वाणनिर्मिती. कसाव्याच्या मांसल मुळांतील पिष्टापासून भारतात साबुदाणा करतात. सहाराच्या दक्षिणेस मात्र ही मुळे कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न आहेत. नायजेरिया हा कसाव्याचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक देश होय. मूळचे दक्षिण अमेरिकेतील हे पीक पोर्तुगीजांनी बहुधा सोळाव्या शतकात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेले; पूर्व किनाऱ्यावर ते बरेच नंतर रुजले.

रोगट झाडाच्या पानांवर पिवळट-हिरवे चट्टे पडतात, पाने मुरडतात, आकसतात आणि मुळे पोसत नाहीत. रोगाचा प्रसार पांढऱ्या माशीमार्फत (बेमिसिया टॅबॅसी) होतो, तसाच रोगट बेण्यातूनही होतो. कसाव्याची लागवड बियांपासून न करता खोडाचे वीतभर तुकडे लावून करतात, त्यामुळे एका हंगामाचा रोग पुढच्या हंगामात जातो. हे दोन मार्ग शेतात सहसा ओळखता येतात. अगदी खालच्या, पहिल्या फुटलेल्या पानांपासून चट्टे असतील तर रोग बेण्यातून आलेला असतो; खालची पाने निरोगी आणि शेंड्याकडची रोगट असतील तर तो माशीने आणलेला असतो.

रोगाचे पहिले वर्णन १८९४ मध्ये ओटो वारबुर्ग यांनी तत्कालीन जर्मन पूर्व आफ्रिकेतून (आताचा टांझानिया) केले. म्हणजे रोग तेव्हाच उद्भवला असे नव्हे. अमेरिकेतील कसाव्यात हे विषाणू आढळत नाहीत, त्यामुळे ते आफ्रिकेतीलच एखाद्या रानवनस्पतीतून कसाव्यात शिरले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रतिकारक वाणांचा शोध १९३०च्या दशकाच्या मध्यास टांगानिकातील (आताचा टांझानिया) अमानी संशोधन केंद्रात एच. एच. स्टोरी व आर. एफ. डब्ल्यू. निकोल्स यांनी हाती घेतला. लागवडीतील वाणांत पुरेशी प्रतिकारशक्ती सापडेना, तेव्हा त्यांनी सिअरा रबर (मॅ. ग्लॅझिओव्ही) या वृक्षवजा जातीशी संकर केला. अशा संकरातून मिळणारी मुळे बारीक व धागेदार असतात. म्हणून संततीचा कसाव्याशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागला. पुढे डी. एल. जेनिंग्ज यांनी हे काम चालविले. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमानीचे बी नायजेरियात इबादानजवळच्या मूर प्लँटेशन केंद्रात पोहोचले व त्यातून ५८३०८ हा वाण निवडला गेला. इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत (स्थापना १९६७) सांग की हान यांनी १९७०च्या दशकात तो जनक म्हणून वापरला. टीएमएस ३०५७२ सारखे गाजलेले वाण याच मालिकेतले.

या प्रतिकारशक्तीचे मूळ रानटी जातीत आहे, असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. तिला सीएमडी-१ (सीएमडी हे केवड्याच्या इंग्रजी नावाचे लघुरूप) म्हणतात आणि ती अनेक जनुकांवर अवलंबून असल्याचे मानतात. पुढे पश्चिम आफ्रिकेतील काही देशी वाणांत, विशेषतः टीएमई ३ मध्ये, एकाच प्रभावी जनुकावर आधारलेली सीएमडी-२ ही प्रतिकारशक्ती आढळली (२००२). मधल्या काळात गुणसूत्रांचे नकाशे तयार झाले. रानटी जातीकडून आलेले मोठे तुकडे १ व ४ या गुणसूत्रांवर दिसले, पण त्यांचा संबंध मुख्यतः शुष्क पदार्थाचे प्रमाण, मुळांची संख्या अशा गुणांशी लागतो. केवड्याच्या प्रतिकाराचा सर्वांत ठळक संकेत १२व्या गुणसूत्रावर, सीएमडी-२च्या जागी मिळतो. त्यामुळे अमानीच्या संकराला सगळे श्रेय देणाऱ्या जुन्या मांडणीला मुरड घालावी लागते. उत्पन्नवाढीत मात्र त्या संकराचा वाटा असावा. २०२२ मध्ये सीएमडी-२चा संबंध डीएनए पॉलिमरेझ या विकराच्या एका उपघटकाच्या जनुकातील बदलांशी जोडण्यात आला. हा प्रतिकार ऊतिसंवर्धनातून वाढविलेल्या रोपांत कधी कधी नाहीसा होतो, हा त्याचा एक अडचणीचा भाग.

वाणांची खरी कसोटी युगांडात लागली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस लुवेरो भागात सुरू झालेली तीव्र साथ वर्षाला सुमारे २० ते ३० किमी. या गतीने दक्षिणेकडे सरकली. दोन विषाणूंच्या अंशांतून जुळलेला नवा विषाणू तिच्यामागे असल्याचे १९९७ मध्ये दाखविण्यात आले. ईशान्येकडील तेसो भागात लोकांचा आवडता एब्वानातेराका हा वाण जवळजवळ नामशेष झाला व काही भागांत अन्नटंचाई ओढवली. तेव्हा टीएमएस ३०५७२ तेथे नासे ३ (मिग्येरा) या नावाने पसरला. अशा वाणांना रोग लागतच नाही असे नाही. विषाणू सगळ्या खोडात पसरत नाही, त्यामुळे काही कांड्या निरोगी निघतात आणि पुढचे पीक सुधारते. मात्र एका झाडापासून वर्षाला जेमतेम दहाच्या आसपास कांड्या मिळतात. मक्याच्या बियाण्याच्या मानाने हा प्रसार फारच संथ आहे.

कसाव्याचाच दुसरा रोग, तपकिरी रेषा रोग (प्रथम वर्णन १९३६), हा वेगळ्या गटातील विषाणूंमुळे होतो. पानांवर त्याची लक्षणे पुसट असतात. मुळे मात्र आतून तपकिरी, बुचासारखी कोरडी होतात, आणि बहुधा काढणीनंतरच ते कळते. बराच काळ तो पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीपुरता मानला जाई. २००४च्या सुमारास तो युगांडातील उंचावरच्या भागात पसरू लागला, तेव्हा केवड्याला दाद न देणारे बरेच वाण त्याला बळी पडले.

भारतातील केवडा वेगळ्या जातींच्या विषाणूंमुळे होतो. तिरुअनंतपुरम येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने प्रसारित केलेला श्री पद्मनाभ हा प्रतिकारक वाण इबादानहून आलेल्या एमएनजीए-१ या सामग्रीतला आहे.