मासेमारीच्या ढकलगाडीचे टायर
गळाने मासे धरणाऱ्यांचं सामान (रॉड, स्टँड, चाऱ्याची बादली, खुर्ची, छोटा तंबू, पाण्याचा कॅन) जिथं गाडी लावतो तिथनं पाण्यापर्यंत न्यायला एक किंवा दोन चाकांची ढकलगाडी वापरतात, तिच्या टायरबद्दलची ही नोंद. असल्या गाड्यांची खरी चलती इंग्लंडमध्ये, तिथले कार्प मासेवाले दोन-दोन रात्री तळ्याकाठी मुक्काम ठोकतात, मग सामान पण तेवढंच. कोल्हापुरात बांधकामावरची एकचाकी गाडी घेऊन वरचा टब काढायचा आणि उद्यमनगरात (तिथल्या वर्कशॉपांच्या भागात) सपाट फ्रेम वेल्डिंग करून घ्यायची, एवढ्यात काम होतं. फ्रेम कशीही चालते, टायर कसाही चालत नाही.

माप टायरवरच लिहिलेलं असतं. ४.००-८ म्हणजे टायरची रुंदी साधारण ४ इंच आणि रिम ८ इंची, हवा भरल्यावर अख्खं चाक १६ इंचाच्या आसपास भरतं. ३.५०-८ त्याहून थोडा बारीक. आता गंमत अशी की ४.००-८ हेच माप ॲटोरिक्षाचं पण आहे त्यामुळं टायर गावात कुठंही मिळतो आणि बरेचजण तोच चढवायला बघतात, पण रिक्षाचा टायर माणसं भरून डांबरावर पळायला बनवलेला, बाजू जाड, प्लाय रेटिंग (पीआर, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) जास्त, आपल्या ५०-६० किलोच्या सामानाखाली तो दबतच नाही. आणि आपल्याला तर दबणारा टायर पाहिजे. २ किंवा ४ पीआरचा मऊ टायर बरा.

दबणारा का, तर हिशोब सोपा आहे. मऊ टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेच्या प्रेशरएवढाच दाब देतो. चाकावर ६० किलो वजन आणि हवा ३० पीएसआय असली तर सगळं वजन जेमतेम २८-२९ चौरस सेंटीमीटरवर येतं, हवा १५ वर आणली की तेच दुप्पट जागेवर पसरतं. चिखलात चाक रुततंय की वरनं जातंय ते इथंच ठरतं. पंचगंगेच्या काठाला हे लई जाणवतं, कारण पुराचा गाळ बसलेला असतो, आणि केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळा संपल्यावर घालतात, पुढं उन्हाळ्यात पाणी उतरंल तशी वरनं वाळलेली आणि आत लोण्यासारखी जमीन उघडी पडत जाते. पाय ठेवला तर कळत नाही, चाक गेलं की कळतं.

नक्षीबद्दल लोकांचा हमखास गैरसमज असतो. ट्रॅक्टरसारख्या मोठ्या गुट्ट्यांचा टायर चिखलात भारी असं वाटतं, पण ट्रॅक्टरचं चाक इंजिन फिरवतं, म्हणून त्याला जमिनीत पकड लागते, ढकलगाडीचं चाक नुसतं मागनं ढकललं म्हणून फिरतं, पुढं जायला त्याला पकड लागतच नाही. उलट काळी माती गुट्ट्यांत अडकून चाक फोर्कला (चाक धरणाऱ्या दांड्यांना) घासाय लागतं आणि मग काडीनं उकरत बसा. नुसत्या उभ्या रेघांचा टायर घ्यावा, आणि टायर-फोर्कमध्ये दोन बोटं तरी जागा सोडावी. राधानगरी, गगनबावड्याकडं जांभ्याचे दगड, तिथं गुट्ट्यांचा टायर चालतो, फक्त हवा जरा जास्त ठेवावी नाहीतर दगड आणि रिममध्ये ट्यूब चिमटून फाटते.

राहिला बाभळीचा काटा. त्याला कंटाळून लोक फोम भरलेला किंवा भरीव टायर घेतात. पंक्चरचा प्रश्न कायमचा मिटतो हे खरं, पण हवा कमी करायची सोय गेली, भरीव असेल तर वजन पण वाढलं, आणि स्वस्तातला फोम उन्हानं आणि वजनानं एका बाजूला चपटा होतो. घाट, पायवाट, पक्का रस्ता एवढंच फिरणं असेल तर खुशाल घ्या. गाळात जाणाऱ्यानं हवेचाच टायर ठेवावा, ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतनं बुजवणारं द्रव) घालावं आणि टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी फिरवून घ्यावी, बारीकसारीक काट्यांना एवढं पुरतं. व्हॉल्व्ह वाकडा घ्या, छोट्या रिममध्ये सरळ व्हॉल्व्हला पंपाचं तोंड नीट बसत नाही.

दोन चाकं असली की गाडी कलंडत नाही पण उसाच्या बांधावरनं ती जात नाही, तिथं एकचाकीच पाहिजे. चाक बदलताना टायरबरोबर बेअरिंगचं भोक पण मोजून घ्या, ६२०४ नंबरच्या बेअरिंगला २० मिमीचा शाफ्ट लागतो, ६२०५ ला २५ चा, बारीक शाफ्टवर मोठं बेअरिंग आलं तर लेथवाल्याकडनं बुश (मधली फट भरणारी नळी) काढून घ्यावा, शाफ्टला पत्र्याची पट्टी गुंडाळायचा जुगाड करू नये, चाक डुगडुगतं आणि टायर एका बाजूनं झिजतो. आणि एवढं करूनही रुतलीच तर गाडी ढकलू नका, फिरवून मागं ओढा. ढकलताना चाक अजून खाली दाबलं जातं, ओढताना वर उचललं जातं.