गाडीतल्या रेडिओ सेटची खरखर: फिल्टर घेण्याआधी हे तपासा

इंजिन बंद असताना गाडीतला बोलण्या-ऐकण्याचा (वायरलेस) सेट स्वच्छ ऐकू येतो आणि गाडी सुरू केली की खरखर, टकटक किंवा शिट्टी. ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक ग्राहक थेट फिल्टर मागतात. फिल्टर आम्ही विकतोच, पण आवाज कुठून येतोय हे कळल्याशिवाय तो घेऊ नका. सप्लायच्या वायरवर बसवलेला फिल्टर अँटेनातून येणारा आवाज अडवू शकत नाही.

पहिली चाचणी

इंजिन चालू ठेवा आणि आवाज येत असतानाच सेटच्या मागचा अँटेनाचा कनेक्टर काढा. अँटेना काढलेली असताना बोलण्याचे बटण चुकूनही दाबू नका, सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर उडू शकतो. स्क्वेल्च (सिग्नल नसताना सेटचा आवाज बंद ठेवणारी सोय) उघडा असेल तर एफएम सेटची नेहमीची सळसळ राहीलच. तिच्याकडे लक्ष देऊ नका, फक्त टकटक किंवा शिट्टी गेली का ते ऐका. गेली तर ती अँटेनातून येत होती. तशीच राहिली तर ती सप्लायच्या वायरमधून येते आहे. ‘तुमच्या बोलण्यामागे शिट्टी वाजते’ असे समोरचा सांगत असेल, तरी आधी सप्लायच तपासा.

आवाज ओळखा

अॅक्सिलरेटरबरोबर वेग घेणारी टकटक म्हणजे स्पार्क प्लग, कॉइल किंवा प्लगच्या वायरी. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, तिथे कारण दुसरीकडे शोधावे लागते. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी बहुधा अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची. चावी फक्त ‘ऑन’ला नेल्यावर, इंजिन सुरू करण्याआधीच, एक-दोन सेकंद घरघर येऊन थांबली तर इंधनपंपावर संशय घ्या.

इंजिनाच्या वेगाशी संबंध नसलेला, सतत येणारा आवाज असेल तर आधी मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून उपसून काढा. नुसता मोबाइल काढून भागत नाही, चार्जरमधले सर्किट चालूच असते. मग डॅशकॅम, बाहेरून बसवलेले एलईडी दिवे, ब्लोअर असे एकेक बंद करत जा. आमच्या मते हे काम सर्वांत आधी करावे, कारण त्याला एक पैसाही लागत नाही.

सप्लायची वायर

सेटला सप्लाय सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून देऊ नका. लाल वायर थेट बॅटरीवरून घ्या आणि फ्यूज बॅटरीजवळच लावा, म्हणजे वायर मध्येच कुठे घासून शॉर्ट झाली तरी आग लागणार नाही. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असेल, तर काळी वायर टर्मिनलवर न जोडता बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे बोल्टने कसली आहे तिथे जोडा. नाहीतर सेटला जाणारा करंट सेन्सरला दिसतच नाही. दोन्ही वायरींना एकमेकींचा पीळ द्या आणि गाडीच्या मूळ हार्नेसपासून (वायरींच्या जुडग्यापासून) लांबून न्या. २५ वॉटचा सेट बोलताना ५ ते ७ अँपिअर ओढतो, बारीक वायर चालणार नाही.

एवढे करूनही शिट्टी राहिली तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावा. इंजिन बंद असताना तो शून्याच्या आसपास हवा. तसा नसेल तर मीटर या कामाचा नाही. मग इंजिन आणि हेडलाइट चालू करून पुन्हा पाहा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असू शकतो. अशा वेळी फिल्टर लावून दोष झाकू नका, आधी अल्टरनेटर दुरुस्त करून घ्या.

अँटेनातून येणारा आवाज

रेझिस्टर असलेलेच स्पार्क प्लग वापरा. त्यांच्या नंबरात बहुधा ‘आर’ हे अक्षर असते आणि आतला रोध साधारण ५ किलो-ओहम. चिरलेल्या, जुन्या प्लग वायरी बदला. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या कॉइलवर मात्र स्वतःच्या मनाने कंडेन्सर जोडू नका.

सायलेन्सरचा पाइप रबरावर टांगलेला असतो, बॉनेटच्या बिजागऱ्यांवर रंग असतो. दोन्हींचा बॉडीशी धड संपर्क नसल्यामुळे इंजिनाचा आवाज त्यांच्यावरून बाहेर पसरतो. तांब्याच्या विणलेल्या, चपट्या, आखूड पट्टीने ते बॉडीला जोडा. बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा आणि नंतर गंज चढू नये म्हणून ग्रीस लावा. अँटेना छताच्या मध्यावर, इंजिनापासून लांब असली की निम्मे काम होते.

फेराइटची क्लिप (वायरीभोवती बसून खरखर दाबणारी) आवाज करणाऱ्या वस्तूच्या जवळ, तिच्याच वायरवर लावा. वायर एकाऐवजी दोनदा आतून काढली तर परिणाम सुमारे चौपट होतो.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलना हात लावू नका, त्यात शेकडो व्होल्ट असतात. एअरबॅगच्या वायरिंगजवळूनही सेटची केबल नेऊ नका.

गाडी आमच्याकडे आणताना वरच्या चाचणीत काय आढळले ते लिहून आणा आणि डॅशकॅम, चार्जर वगैरे नेहमीच्या वस्तू गाडीतच राहू द्या. त्या काढून आणल्या तर आवाज इथे येतच नाही आणि तुमची खेप वाया जाते.